चंदी परवडेनाशी झाली की

घोडं घेताना सगळी चर्चा किमतीची होते. रंग, उंची, चाल, अंगावरच्या केसांचे भोवरे, कानांची टोकं जुळतात की नाही, यावर तासन्‌तास बोलणं चालतं आणि दाणा-वैरणीचा विषय कुणीतरी “निघेल की त्याचं” म्हणून उडवून लावतं. किंमत एकदाच मोजायची असते, तोंड मात्र रोज चालू राहतं. ३५० किलोचं काठेवाडी किंवा मारवाडी जनावर दिवसाला वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा मागतं, म्हणजे ७ किलो. पायाखाली जाणारा धरला तर ८. महिन्याला जवळपास अडीच क्विंटल, वर्षाला तीन टनांच्या घरात. अंगमेहनतीचं काम असेल तर वर दीड-दोन किलो चंदी: हरभरा, जव, ओट, थोडा कोंडा. मीठ ३० ते ५० ग्रॅम. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त. दीड-दोन महिन्यांनी नालबंद, वर्षातून काही वेळा जंताचं औषध, एकदा धनुर्वाताची लस, एकदा दातांवर कानस. आणि नीट सांभाळलं तर घोडं २५-३० वर्षं जगतं.

कमाईचं गणित वेगळंच. वरातीच्या घोडीचा धंदा तुळशीचं लग्न झालं की सुरू होतो आणि आषाढी एकादशीला बंद पडतो. माथेरान-महाबळेश्वरच्या घोड्यांची पावसाळ्याच्या चार महिन्यांची वैरण एप्रिल-मेच्या गर्दीत कमवावी लागते. २०२० साली नेमका तोच हंगाम टाळेबंदीत गेला, आणि पुढचे महिने घोडेवाल्यांनी कसे काढले हे त्या बाजूच्या लोकांना वेगळं सांगायला नको. हौशी मालकाकडे तर कमाईचा रकानाच नसतो. २०१९च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख भरले. त्याआधीच्या, २०१२च्या गणनेत ते सव्वासहा लाखांच्या आसपास होते. सात वर्षांत निम्मे व्हायला आले. त्यातले किती विकले, किती मेले, किती सोडून दिले, हे गणनेच्या आकड्यात दिसत नाही.

घोडं परवडत नाही हे मालकाला कळतं केव्हा? बहुतेकांना फासळ्या दिसायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. घोड्याच्या बाबतीत पर्याय एकेक करून बंद होत जातात. अंगानं भरलेल्या, पायानं धड घोड्याला गिऱ्हाईक असतं. वाळलेल्याला दलाल असतो. लंगड्या आणि वाळलेल्याला कुणीच नसतं. तेव्हा निर्णय घोडं चांगलं दिसत असतानाच घ्यायचा, आणि नेमकं तेव्हाच तो घ्यावासा वाटत नाही.

त्यासाठी एक साधी खूण धरावी. रब्बी ज्वारीची काढणी झाली की माघ-फाल्गुनात कडबा सगळ्यात स्वस्त असतो आणि ज्येष्ठ-आषाढात तोच अंगावर येतो. डोंगरी गवत, मारवेल, पवना यांचं दिवाळीनंतर कापणीच्या वेळी तसंच. ज्या साली हंगामात वर्षाची वैरण एकरकमी भरता येत नाही, उसनवारीही जमत नाही, त्या सालीच विषय काढायचा. आठवड्याची वैरण आठवड्याला आणून जो घोडं पोसतो, तो तोच चारा चढ्या भावानं घेतो आणि श्रावणापर्यंत दमतो.

विषय काढायचा म्हणजे लगेच विकायचं असं नाही. आधी खर्च कुठे कापता येतो ते बघावं, पण तो योग्य जागी कापावा. लोक उलटं करतात. चंदी म्हणजे घोड्याचं पोषण आणि चारा म्हणजे पोट भरणं, असा समज असल्यामुळे चारा कमी करून दाणा चालू ठेवतात. घोड्याचं पोट चाऱ्यासाठी बनलंय. त्याच्या मोठ्या आतड्यात आणि आंधळ्या आतड्यात जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातूनच त्याला बरीचशी ऊर्जा मिळते. काम नसलेल्या प्रौढ घोड्याला चांगल्या वैरणीवर, मिठाच्या खड्यावर आणि थोड्या खनिज मिश्रणावर दाण्याशिवाय राखता येतं. चंदी ८-१० दिवसांत हळूहळू उतरवून बंद करावी. वैरण मात्र वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली कधी नेऊ नये. नेली की पोटशूळ, जठरातले व्रण, लाकूड आणि दोर चावणं, माती खाणं हे मागोमाग येतं. वाळूत किंवा मातीत टाकलेला चारा खाल्ला तर वाळू आतड्यात साठते आणि त्याचाही शूळ होतो. गव्हाणीत किंवा जाळीत चारा दिला तर नासाडी दिसण्याइतकी घटते. कडबा अख्खा टाकला तर घोडं पानं खातं आणि ताटं तुडवतं. कुट्टी करून द्यावा.

नालही उतरवता येते. कामावर नसलेल्याला नालेची गरज नाही, पण खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापायलाच हवा. ते चुकवलं की टाच खाली बसते, खुराचा पुढचा भाग लांबतो, फटी पडतात, आणि मग जे घोडं विकता आलं असतं ते लंगडं होतं. गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून नालबंदाला एकाच दिवशी बोलावलं तर त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो. जंताच्या औषधाच्या बाबतीत लीद तपासून गरज असेल तेवढंच द्यावं. सरकारी दवाखान्यात लीद तपासायचा खर्च औषधाच्या नळीपेक्षा कमी येतो.

चुकीच्या बचतीची यादी मोठी आहे, पण तीन-चार गोष्टींनी सर्वात जास्त घोडी खराब होतात. पहिली, स्वस्त म्हणून नुसता गव्हाचा कोंडा. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं असतं. महिनोन्‌महिने तोच मुख्य दाणा झाला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं, चेहऱ्याची हाडं फुगतात, चाल अखडते. दुसरी, ऊसपट्ट्यात फुकट किंवा फुकटच्या भावात मिळणारं उसाचं वाढं. थोडं चालतं. सबंध वैरण म्हणून घातलं तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि परिणाम कोंड्यासारखाच होतो. दोन्ही मिळून देणारे तर दुहेरी नुकसान करतात. तिसरी, हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत. गाईला चालतं म्हणून घोड्याला चालतं असं नाही. सतत खाल्ल्यानं मूत्राशयाला सूज येते, मागचे पाय लुळे पडतात, आणि ते नंतर सुधारत नाहीत. आणि चौथी सगळ्यात घातक: गोठ्यातलं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाई-कोंबड्यांना ते सोसतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र अगदी थोड्या मात्रेनं जातात, आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय घोड्याच्या तोबऱ्यात काहीही घालू नये.

अंगमास डोळ्यांनी मोजू नये, हातानं मोजावं. थंडीतले वाढलेले केस आणि फुगलेलं पोट दोन्ही फसवतात. १९८३ साली टेक्सासमध्ये हेनेकी या संशोधकानं केलेली १ ते ९ची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. मान, मढी (मानेच्या मुळाशी पाठीचा उंचवटा), खांद्यामागचा भाग, फासळ्या, पाठकणा आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा चाचपायच्या. फासळ्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात तो ५ अंक. पाठकण्याची कड वर उठून दिसायला लागली, फासळ्या पुसटशा दिसू लागल्या की ४. तीनवर आलेलं घोडं कुणीही लांबून ओळखतं. चार म्हणजे इशारा समजावा. दर पंधरा दिवसांनी तोच माणूस, त्याच वेळी, तेच हात.

इथे घाईत होणारी एक घोडचूक सांगायलाच हवी. उपाशी राहिलेलं घोडं दिसलं की दया येते आणि माणूस बादलीभर हरभरा-जव पुढे ठेवतो. त्यानं घोडं मरू शकतं. पिष्टमय दाणा एकदम गेला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि काही दिवसांत हृदय-मूत्रपिंडं कोलमडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी घालून दिलेली पद्धत अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो पानेदार वाळवलेला लसूणघास, म्हणजे दिवसाला ३ किलोच. मग मात्रा हळूहळू वाढवत दहा दिवसांच्या सुमारास पोटभर. दाणा कित्येक आठवडे नाही. वाळलेलं घोडं विकायच्या आधी भरून काढायचं असेल तर तीन ते पाच महिने लागतात, आणि ते भरून काढायचा खर्च ते वाळू न देण्याच्या खर्चापेक्षा जास्त येतो.

वाट्यानं देणं हा आपल्याकडचा जुना मार्ग. बैल, म्हैस, शेळी वाट्यानं जाते तसं घोडंही जातं. एक मालक, दुसरा सांभाळणारा, कमाईत किंवा शिंगरात वाटा. हे टिकतं, पण तोंडी ठेवलं तर वर्षभरात मोडतं. चारा कुणाचा, नालबंदाचे पैसे कोण देणार, रात्री दोनला पोटशूळ उठला तर डॉक्टरला मालकाला विचारून बोलवायचं की न विचारता, किती खर्चापर्यंत विचारायचं नाही, घोडं मेलं तर कुणाचं मेलं, आणि करार मोडायचा तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं कागदावर हवं. शहरात हेच वेगळ्या रूपानं चालतं: घोडं रपेट शिकवणाऱ्या पागेत ठेवायचं, ते शिकाऊ मुलांना वापरायला द्यायचं आणि त्या बदल्यात त्याच्या खाण्याचा खर्च सुटतो. शांत, वयात आलेल्या, गर्दीला न बुजणाऱ्या घोड्यालाच हे जमतं. आणि तिथे दिवसात किती तास, किती वजनाची माणसं, हे आधी ठरवावं. १९६५च्या केंद्रीय नियमांत ओझ्याच्या तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो लादायला परवानगी आहे. पाठीवर बसलेल्या पाहुण्याचं वजन करायला मात्र कुणी थांबत नाही. त्याच नियमांनी काटेरी लगामालाही बंदी आहे, तरी नाचऱ्या घोड्यांच्या तोंडात तो दिसतोच.

“घोडी लावू, शिंगरू विकून खर्च निघेल,” हा विचार मात्र मनातून काढून टाकावा. ११ महिने गाभण, त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत खुराक वाढतो, व्यायल्यावर दुधाच्या भरात जवळजवळ दुप्पट लागतो. शिंगरू सहा महिन्यांनी तोडायचं. ते सवारीला यायला अजून तीन-चार वर्षं. परवडत नसलेल्या एका तोंडाची दोन तोंडं होतात, आणि वळण न लावलेलं दोन वर्षांचं शिंगरू बाजारात कवडीमोल जातं. वळू म्हणून कुणी घेईल या आशेवर ठेवलेला नर तर सगळ्यात अवघड. रेतनासाठी खरोखर लायक असे नर थोडे, बाकीच्यांना गिऱ्हाईक भितं. अशाला खच्ची करून घेतलं तर त्याचं घर लवकर सापडतं. शस्त्रक्रियेआधी धनुर्वाताचं संरक्षण आहे याची खात्री करावी, आणि नंतर दीड महिना त्याला घोड्यांपासून नव्हे, घोडींपासून लांब ठेवावं, कारण तेवढ्या काळात तो अजूनही घोडीला गाभण करू शकतो. आपल्याकडे नराला खच्ची करणं कमीपणाचं समजतात. साखळीत बांधून, एकटा, वर्षानुवर्षं अंधाऱ्या तबेल्यात ठेवणं मात्र कमीपणाचं समजत नाहीत. हे मला कधी पटलेलं नाही.

विकायचं ठरलं तर वेळ महत्त्वाची. आषाढात जो तो विकायला काढतो: लग्नं संपलेली, वैरण महागलेली, पावसात चिखल. भाव तेव्हाच पडतो. घेणारा खिशात पैसे घेऊन येतो तो मार्गशीर्षात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते, आणि तिथला घोडेबाजार महाराष्ट्रातला सर्वात मोठा. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाबपर्यंतचे लोक येतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांचा बाजार मोठा. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचा बाजार दिवाळीत भरतो. दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंतच्या या टप्प्यात विकायचं म्हणजे श्रावण-भाद्रपदातच खूर, दात, अंगमास ठाकठीक करायला घ्यायचं.

बाजारात कशाला किती पैसे मिळतात याबद्दल भ्रम नको. नुकरा (पांढरं घोडं), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), गळ्यावर देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा), यांना भाव असतो. अशुभ मानल्या जाणाऱ्या जागी भोवरा असेल तर गुणी घोडंही पडून राहतं. या समजुतींना आधार नाही, पण बाजार त्यांच्यावर चालतो, तेव्हा अशा घोड्याला यात्रेपेक्षा रपेटीच्या पागेत किंवा जाणत्या हौशी माणसाकडे चांगलं घर मिळतं. तिथे भोवऱ्यापेक्षा पाय बघतात. भीमा खोऱ्यातल्या धनगरांची काटक, बुटकी भीमथडी घोडी यात्रेच्या झगमगाटात कुणाच्या नजरेत भरत नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक धनगरांच्या वाड्यावर असतं, ओझ्याला भरवशाचं जनावर हवं असलेलं. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड जातीचा घोडा चार-सहा वर्षांचा आणि दिसायला राजबिंडा असतो, पण ४५०-५०० किलोचा, पातळ कातडीचा, खाण्याला भारी. तो वरातीवाल्याला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये आणि विकणाऱ्यानं देऊ नये. बँडबाजा आणि फटाक्यांत तो भडकला तर नवरदेवासकट घोडं दवाखान्यात.

वय दातांवरून कळतं, त्यामुळे खोटं बोलून फायदा नाही. दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला जोडी-जोडीनं पडतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. दहाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर बाहेरून एक उभी तपकिरी खोबण उगवते, पंधराव्या वर्षी अर्ध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी पूर्ण. जाणकार ओठ उचलतो आणि दोन-तीन वर्षांच्या फरकानं वय सांगतो. खोडही लपवू नये. चावरं, लाथ मारणारं, गाडीत न चढणारं, जुना लंगडेपणा असलेलं, हे सांगितलं तर भाव थोडा कमी येतो. नाही सांगितलं तर महिनाभरात घोडं परत विकलं जातं, मग पुन्हा, आणि तिसऱ्या-चौथ्या मालकापाशी ते कुठे पोचतं ते मूळ मालकाला कधी कळत नाही. वेदनाशामक टोचून लंगडं घोडं चालतं करून दाखवणारे बाजारात असतात. घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालवून बघावं, कडक जमिनीवर, दुडक्या चालीनं, दोन्ही बाजूंना वळवून.

आरोग्याच्या कागदांत सर्वात मोठा प्रश्न ग्लँडर्सचा. हा जिवाणूचा रोग घोड्या-गाढवांना होतो, माणसालाही लागतो, आणि त्याच्यावर जनावरात उपचार करत नाहीत. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. बाधित निघालेलं जनावर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याखाली शास्त्रशुद्ध पद्धतीनं मारलं जातं आणि आजूबाजूच्या टापूतली घोड्यांची ने-आण थांबते. म्हणून बाजाराच्या बरंच आधी पशुधन विकास अधिकाऱ्याला गाठून नमुना द्यावा. आदल्या दिवशी धावाधाव करून दाखला मिळत नाही. ट्रकनं न्यायचं तर १९७८च्या वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला लागतो. मालवाहू गाडीत चार ते सहाच जनावरं. दोन घोड्यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू. तळाला भाताच्या पेंढ्याची गादी. दिवस भरत आलेल्या गाभण घोडी आणि शिंगरं वेगळी. नाल काढूनच चढवावं, नाहीतर एकमेकांचे पाय फोडतात.

सौदा झाल्यावर बाजार समितीची पावती आणि साध्या कागदावर वर्णन: रंग, उंची, वय, पांढऱ्या खुणा, भोवऱ्यांच्या जागा, दोन्ही बाजूंचे फोटो. घोडं आपल्या नावावर राहिलं आणि चार महिन्यांनी ते रस्त्यावर गाडीला धडकलं तर प्रश्न आपल्याकडे येतो. चंदीचं प्रमाण, खाण्याच्या वेळा आणि कशाची भीती वाटते तेही लिहून द्यावं, आणि निदान आठवड्याची सवयीची वैरण सोबत. नव्या घरी पहिल्या दहा दिवसांत होणाऱ्या पोटशुळाचं कारण बहुतेक वेळा चारा एकदम बदलणं हेच असतं.

फुकट देणं चांगुलपणाचं वाटतं. तरी नाममात्र का होईना, किंमत घ्यावी. फुकट मिळालेल्या घोड्याच्या मागे लागणारे दोन प्रकारचे असतात: ज्यांना घोडं आवडतं पण ज्यांच्याकडे वैरणीचेही पैसे नाहीत, आणि जे तीन दिवसांत पुढे विकतात. दोघांपैकी कुणाकडेच ते टिकत नाही. देण्याआधी त्यांचा तबेला बघावा. सावली, पाणी, आधीच्या जनावरांची खुरं. खुरं बघितली की बाकी विचारावं लागत नाही.

पांजरपोळ किंवा आसरा देणाऱ्या संस्था घोडं घेतात, पण बहुतेकांच्या जागा भरलेल्या असतात, आणि गोशाळेच्या माणसांना घोड्याचं खाणं, खूर यांची सवय नसते. घोडं घेतात का एवढंच न विचारता नालबंद कधी येतो, पोटशुळाला कोण येतं, हे विचारावं. देताना महिन्याची ठराविक रक्कम बांधून द्यावी. जी वैरण एकट्याला पेलत नाही तिच्यातला तिसरा हिस्सा बहुधा पेलतो. आणखी एक मार्ग फारसा बोलला जात नाही: सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातूनच बनतं, आणि हाफकिन या लशी बनवणाऱ्या सरकारी संस्थेच्या पिंपरीच्या आवारात त्यासाठी घोडे पाळले जातात. असे कारखाने ठराविक वयाची, निरोगी घोडी घेतात. तिथे थोड्या थोड्या मात्रेत विष टोचून ठराविक अंतरानं रक्त काढलं जातं. हे आयुष्य आपल्या घोड्याला द्यायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण दलालानं “मोठ्या फार्मवर चाललंय” एवढंच सांगितलं तर कुठल्या फार्मवर, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचं उदाहरण इथे आठवतं. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षभराची मुदत दिली. गाडीवाल्यांच्या पुनर्वसनावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, नंतर त्याच थाटाच्या विजेवरच्या गाड्याही आल्या. घोड्याचं पोट मात्र सरकारी मुदतीची वाट बघत नाही. धंदा बंद होणार हे दिसत असताना ज्यांनी पहिल्या काही महिन्यांत जनावरं हलवली त्यांनाच निवड करता येते. शेवटच्या महिन्यात सगळे एकदम विकायला निघाले की मिळेल त्याला द्यावं लागतं.

सोडून देणं हा पर्याय नाहीच, तरी होतो. थंड हवेच्या गावांत पावसाळ्यात, शहरांच्या कडेला वर्षभर. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं उपासमार होईल अशा तऱ्हेनं जनावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये, आणि त्यामुळे कुणी दबत नाही. मोकळं सोडलेलं घोडं कचऱ्यातलं प्लास्टिक खातं, रात्री अंगाखालच्या उबेसाठी डांबरी रस्त्यावर उभं राहतं आणि गाडीखाली येतं. गाडीतल्या माणसांसकट.

उरतो शेवटचा निर्णय. म्हातारं, दात गेलेलं, उठायला मदत लागणारं, खुराच्या आत हाड फिरलेलं, पाय मोडलेलं, किंवा शूळ शस्त्रक्रियेशिवाय सुटणार नाही आणि शस्त्रक्रिया आवाक्याबाहेर, अशा घोड्याला विकणं हे मला सोडून देण्याइतकंच वाईट वाटतं. त्याला पशुवैद्यकाच्या हातून शांतपणे जाऊ द्यावं. धडधाकट घोड्यासाठी इथला डॉक्टर बहुधा तयार होत नाही, आणि कारण लेखी नोंदवल्याशिवाय करूही नये. पद्धत अशी: आधी गुंगीचं इंजेक्शन, घोडं मान टाकून उभं राहतं, मग शिरेतून बार्बिच्युरेट गटातल्या औषधाची मोठी मात्रा. घोडं धाडकन खाली येतं, त्यामुळे जागा मोकळी, मऊ, भिंतीपासून लांब हवी, आणि दोर जाणत्या माणसाच्याच हातात. काही वेळ स्नायू थरथरतात, एखादा मोठा श्वास येतो. तो त्रास नसतो. डोळ्याच्या बुबुळाला हात लावून पापणी हलत नाही आणि हृदयाचे ठोके थांबलेत याची डॉक्टर खात्री करतो.

खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवावा, जेसीबीनंच. दहा फूट लांब, सहा-सात फूट रुंद, आठ-नऊ फूट खोल. वर निदान तीन-चार फूट माती बसली पाहिजे. विहीर, ओढा, बोअर यांच्यापासून लांब आणि ग्रामपंचायतीला सांगून. शहरात महापालिकेच्या मृत जनावरं उचलणाऱ्या विभागाला आधी फोन करावा. उघड्यावर टाकणं किंवा ढोरफोडीच्या जागी नेऊन सोडणं टाळावं: ते औषध मांसात राहतं आणि खाणारी कुत्री, गिधाडं मरतात. गिधाडांसाठी घातक म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ साली बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर. आयुष्याच्या शेवटी घोड्याला वेदनाशामकं बरीच टोचलेली असतात, तेव्हा पुरणं हाच मार्ग.

एकापेक्षा जास्त घोडी असतील तर कुणाला आधी काढायचं? बहुतेक जण सगळ्यात चांगलं विकतात, कारण तेच विकलं जातं. मग दावणीला उरतात न कमावणारी, आणि पुढच्या वर्षी अडचण दुप्पट. माझ्या मते आधी जायला हवं ते वळण लागत असलेलं तरुण घोडं. ते आज कमवत नाही, पण त्याच्यापुढे २० वर्षं आहेत आणि चांगलं घर मिळायची शक्यता त्यालाच सर्वात जास्त. कमावती, फटाक्यांना न बुजणारी घोडी ठेवावी. तिच्या कमाईवर म्हाताऱ्याची वैरण निघते, आणि म्हाताऱ्याला सोबत होते. घोडं कळपातलं जनावर, एकटं ठेवलं तर खाणं सोडतं, जागच्या जागी डुलत राहतं, दार चावतं. अगदी एकच उरलं तर शेजारी शेळी बांधली तरी फरक पडतो. फक्त शेळीचं तयार खाद्य त्याच्या तोंडाला लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवायचं, कारण त्यातही मोनेन्सिन असू शकतं.